मास्तरांचं नेट

आमच्या शेजारच्या मास्तरांना स्क्रू ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरतात तेही ठाऊक नाही. आयुष्यभर गणित शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गोड गोड बोलतात. साधा बल्ब गेला तरी मला हाक मारतात. आणि अशा माणसाच्या घरी नेट धावतं, माझ्या घरी रांगतं! मी चौतीस वर्षं टेलिफोनचा लाईनमन होतो. वादळात खांबावर चढून तारा जोडल्यात. मला मास्तरांचा हेवा वाटतो, सरळ सांगून टाकतो.

हेवा नेटचा नाही, नातीचा. मुलगी परदेशी असते. रोज संध्याकाळी साडेसातला सहा वर्षांच्या नातीचा व्हिडिओ कॉल येतो. ती "आजो" म्हणते, "बा" यायच्या आत सगळं थिजतं. मी "हॅलो, हॅलो" करत बसतो. मग बायको फोन उचलते, पायात चपला सरकवते आणि म्हणते, "मी मास्तरांकडे जाऊन बोलते." भिंतीपलीकडून तिघांचं खिदळणं ऐकू येतं. मास्तर नातीला कोडी घालतात म्हणे. मी एकदाच गेलो होतो. त्यांनी लगबगीने टीव्ही बंद केला, मला चांगली खुर्ची दिली आणि नातीला म्हणाले, "बघ, तुझे खरे आजोबा आले!" खरे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही.

तक्रार केली तर कंपनीचा माणूस सकाळी अकराला आला. तेव्हा नेट पळत होतं. "काका, स्पीड तर मस्त आहे," म्हणाला. मी म्हटलं, "संध्याकाळी ये." तो हसून गेला. जाताना राऊटर उघड्यावर ठेवा असं सुचवत होता, ते मी ऐकलं नाही. आमच्याकडे फोन भिंतीवरच्या कपाटात असायचा, त्याच्या दाराला आतून पत्रा आणि बाहेरून कुलूप. ते मी स्वतः केलेलं. राऊटर तिथेच बसवला होता. फोनची जागा ती फोनची जागा.

मग मुलीचा निरोप आला. नातीने शाळेसाठी 'माझे आजोबा' हा निबंध लिहिलाय, शुक्रवारी कॉलवर मला वाचून दाखवणार.

"मग मास्तरांकडेच बसू या का?" बायकोने भीत भीत विचारलं.

"माझ्यावरचा निबंध मी त्यांच्या सोफ्यावर बसून ऐकू? मेलो तरी नाही!"

गुरुवारी संध्याकाळी मी कंबर कसली. वायर बदलली, राऊटर पुसला, सगळं करून पाहिलं. शेवटी वैतागून सातला राऊटरचं बटण बंद केलं. त्याच क्षणी भिंतीपलीकडे मास्तरांच्या टीव्हीवरच्या बातम्या गप्प झाल्या. बटण चालू केलं. दोन मिनिटांनी बातम्या परत सुरू. लाईनवर आम्ही हेच करायचो, एका टोकाला तार सोडायची आणि दुसरीकडे काय मुकं होतं ते ऐकायचं. मी पुन्हा बंद केलं. पुन्हा शांतता.

"अहो, मीच पासवर्ड दिलाय," बायको मागून म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी त्यांचं नेट बंद पडलं. दोन दिवसांपुरता म्हणून दिला. ते विसरले, मीही विसरले."

म्हणजे मास्तरांचं नेट माझंच होतं! माझ्या कपाटाच्या दाराला पत्रा, म्हणून सिग्नल माझ्या घरात अडायचा; पण मागे नुसती भिंत, आणि भिंतीपलीकडे त्यांचा सोफा. रोज संध्याकाळी त्यांचा नेटवर चालणारा टीव्ही माझी लाईन खायचा. बायको गेली की ते पाहुणचार म्हणून टीव्ही बंद करायचे, आणि कॉल लख्ख चालायचा. चार महिने मी माझ्याच नेटवर जळत होतो.

रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मी राऊटर बाहेर काढला, खोलीच्या मधोमध टेबलावर ठेवला आणि पासवर्ड बदलला. बदलताना मला जे बरं वाटलं ते सांगण्यासारखं नाही.

शुक्रवारी साडेसातला नात अशी स्पष्ट दिसली की तिचा पडलेला दात कळला. इतक्यात दाराची बेल वाजली. मास्तरच. बायको उठायला लागली.

"दहा मिनिटं उभे राहू देत," मी म्हटलं. ती बसली, पण माझ्याकडे बघेना.

नातीने कागद धरला. "माझे आजोबा. माझे आजोबा खूप लांब राहतात. आधी ते तारा जोडायचे. माझे आजोबा हलत नाहीत. त्यांचं तोंड उघडं असतं आणि एक डोळा मिटलेला असतो. मी त्यांना गोष्टी सांगते पण ते हलत नाहीत. शेजारचे आजोबा हलतात. मला दोघे आवडतात."

ती वाचायची थांबली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी नुसता हात वर केला.

"आई, लवकर ये!" ती किंचाळली. "आजोबा हलले!"

बेल पुन्हा वाजली. मी फोन हातात धरूनच दार उघडायला उठलो.