शोकेसमधला खुबा

भैय्याजी पोहनकरांना दोन गोष्टींचा फार गर्व होता. एक भिलाईच्या पोलादाचा, दुसरा स्वतःच्या डोक्याचा. पोलादाचं ठीक होतं, ते खरंच चांगलं होतं.

त्यांच्या बायकोचा, वसुंधराबाईंचा, उजवा खुबा चाळिशीतच खराब झाला. मांडीच्या हाडाचा गोळा आतून कुजत चालला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून साफ सांगितलं, "सांधा बदलून घ्या. बाहेरून येतो, पुष्कळांना बसवलाय. बाई चालतील." वसुंधराबाईंना रडूच आलं, आनंदानं. पण परतीच्या गाडीत दुर्ग येईपर्यंत भैय्याजींच्या डोक्यात किडा शिरला होता.

"आमचा रूळ साऱ्या देशात चालते," ते म्हणाले, "अन् माझ्या बायकोच्या कमरेत विलायती लोखंड? लोकं थुंकतीन माझ्यावर. मी बनवतो खुबा. पहिली पेशंट तूच."

तिनं हो म्हटलं. नवरा आपल्यासाठी काही बनवतो आहे, याचं कोणत्या बाईला बरं वाटणार नाही?

भैय्याजी भिलाईच्या स्टील प्लांटच्या लॅबमध्ये पोलादाची ताकद तपासणारे. रूळ वाकवायचे, तोडायचे, आकडे लिहायचे. एवढ्या भांडवलावर त्यांनी ओळखीच्या खरादवाल्याकडून, लेथवर, एक चकचकीत दांडा करवून घेतला, वर गोळा, गोळ्यावर वाटी. मशीनवर दाबला, तुटला नाही. झालं! माणूस म्हणजे काय, छोटा रूळच की. लगेच 'भिलाई अस्थि-संशोधन मंडळ' निघालं. अध्यक्ष भैय्याजी, बाकी सगळे पत्ते खेळणारे मित्र. तेव्हा राजधानी भोपाळ, तिथून एक मंत्री आले, फीत कापून, भजी खाऊन गेले. खुबा अजून कोणाच्या अंगात गेला नव्हता, पण शाल मात्र भैय्याजींच्या अंगावर आली.

मंडळात हाडांचे एक खरे डॉक्टर होते, अरुणकुमार. पहिल्याच बैठकीत, भैय्याजींच्या घरी, वसुंधराबाई चहा देत असतानाच त्यांनी विचारलं, "भैय्याजी, मशीन में तो चला. शरीर में क्या होगा? खून-पानी में जंग लगेगा, घिसेगा, तो वो चूरा कहाँ जाएगा? पहले भेड़ में लगाकर देखिए, फिर गिने-चुने मरीज़. साल लगेंगे. भाभीजी को तब तक मत रोकिए."

भैय्याजींनी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या बैठकीला बोलावलंच नाही. मेंढी म्हणे! पोलादाच्या गावात राहून मेंढीला विचारायचं!

मग खुबा शोकेसमध्ये गेला. प्लांटच्या सेक्टर-वसाहतीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये बांगड्यांच्या मखमली डब्यात तो झोपायचा. पाहुणा आला की भैय्याजी डबा उघडायचे, गोळा वाटीत गरगर फिरवायचे आणि आत हाक मारायचे, "अवं, चहा आण." वसुंधराबाई ट्रे घेऊन यायच्या, भिंतीला खांदा घासत, पाय ओढत. पाहुणे खुब्याकडे पाहून वा वा करायचे. ट्रे कोण घेऊन आलं, ती कशी चालली, हे एकालाही दिसायचं नाही. डोळे शाबूत असून आंधळी जमात!

तिनं हळदीकुंकवाला जाणं सोडलं, सतरंजीवर बसता येईना म्हणून. मग जिना उतरणं सोडलं. समोरच्या सिंधुताई भाजी आणून द्यायच्या आणि रोखठोक विचारायच्या, "अवं वसुंधरा, तो खुबा बदलून कावून नाही टाकत?"

"हे बनवून राहिले ना," ती म्हणायची. आधी कौतुकानं म्हणायची, मग सवयीनं, आणि मग खाली मान घालून.

एकदा तिनं धीर करून विचारलं, "अहो, नाही जमत तर विलायती घेऊ ना. मले रात्री झोप नाही येत दुखण्यानं."

"थांब थोडी," भैय्याजी डाफरले. "संशोधनाले वेळ लागते. तुले काय समजते त्यातलं?"

संशोधन कसलं डोंबलाचं! लॅबमधून आल्यावर ते खुबा फडक्यानं पुसायचे, एवढंच संशोधन चालू होतं. वर्षांमागून वर्षं गेली. मंडळाला दोन शाली आणि एक मानपत्र आणखी मिळालं.

मग एका सकाळी सिविक सेंटरच्या बाजाराजवळच्या वळणावर भैय्याजींची स्कूटर वाळूवर घसरली. उचलून आणलं तेव्हा माणूस पांढराफटक. खुब्याचं हाड मोडलं होतं. नागपूरला, त्याच डॉक्टरांकडे नेलं. निघताना वसुंधराबाईंनी शोकेस उघडली आणि मखमली डबा पिशवीत टाकला. का टाकला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, "हाड जुळायचं नाही. सांधा बदलावा लागेल."

भैय्याजींनी डॉक्टरांचा हात धरला. "बाहेरचाच बसवा साहेब, खात्रीचा. किती लोकाईले बसवला तुम्ही? झिजत तर नाही ना? अंगात त्याचा काही त्रास?"

वसुंधराबाई ऐकतच राहिल्या. अरुणकुमारांनी विचारलेलं सगळं या माणसाला शब्दन्‌शब्द पाठ होतं! त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर उघडून ठेवला.

"डॉक्टरसाहेब, हा बसवा. यायनं सोताच बनवला. भिलाईचं पोलाद आहे."

भैय्याजी खाटेवर ताडकन उठायला गेले, कळ येऊन आडवे झाले. "पागल झाली का तू? कोणाच्याच अंगात नाही गेला तो अजून! सडून मरीन ना मी!"

"मग माह्या अंगात कसा घालणार होते?"

त्यावर भैय्याजींनी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर खुब्याकडे बघायचे सोडून बाईंच्या पायाकडे बघू लागले. इतक्या वर्षांत तो डबा उघडल्यावर तिकडे बघणारे ते पहिलेच.

आधी भैय्याजींचं ऑपरेशन झालं, त्यांचं हाड मोडलेलं होतं. त्यांना उभं करून, हिंडतं करून, मग वसुंधराबाईंचं. दुखणं गेलं, रात्रीची झोप परत आली. पण डॉक्टरांनी काहीही लपवलं नाही. "तेव्हाच आल्या असत्या तर सरळ चालल्या असत्या. आता पाय आखूड झालाय, स्नायू गेलेत. लंगडणं राहणारच."

आता संध्याकाळी दोघं सिविक सेंटरला फिरायला जातात. भैय्याजी ताठ, झपाझप. कोणी भेटलं की छाती काढून सांगतात, "सांधा बदलला की माणूस पळते! मी तर किती वर्षांपासून हेच सांगून राहिलो." लाज नावाची वस्तू या माणसाला कोणी बसवली नाही.

परवा बँकेसमोर ते असेच पुढे निघून गेले. वळून पाहिलं तर बायको बरीच मागे, एका बाजूला झुकत येत होती. लोकांसमोर ओरडले, "अवं, चल ना लवकर! किती वेळ उभा राहू मी?"

वसुंधराबाई तिथंच थांबल्या, भर रस्त्यात.

"राहा उभे," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी राहिलीच ना इतके वर्षं."