फुकटचं ॲप

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी टाळत आले. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढंच बरं आहे.

आधी माझा तोरा कुठून आला ते सांगते. मी उपयोजित कला शिकलेली. माहेर डोंबिवलीचं, लग्न होऊन वटार गावात आले. काम घरूनच करते. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं आणि गॉगल लावलेल्या भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे बॅनर. हो, तेच ते, नाक्यानाक्यावर टांगलेले. शिकले काय, करते काय! पण ज्या बाईला दिवसभर भावी नगरसेवकांच्या हनुवट्या बारीक करत बसावं लागतं, तिला कुणाला तरी तुच्छ लेखल्याशिवाय जेवण जात नाही. निदान मला जात नसे.

आणि तुच्छ लेखायला माणसं तर चालून येत. ‘मॅडम, ड्रॉइंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ जो उठतो तो हेच विचारतो. एका गृहस्थांनी मुलीसाठी भला मोठा पेन-टॅबलेट आणला आणि मग मला विचारलं, यात चित्रं आपोआप येतात ना? एका बाईंना सॉफ्टवेअर फुकट हवं होतं, मराठीत हवं होतं, जाहिराती नकोत आणि फोनमधली जागाही जायला नको. मी म्हटलं, ताई, मग पाटी-पेन्सिल घ्या. त्या हसल्या नाहीत. मी मात्र आठवडाभर ज्याला त्याला हा किस्सा सांगत होते.

सगळ्यांना माझं एकच व्याख्यान असे. कॉम्प्युटरवरचं घ्या, फोनवरची खेळणी नकोत. लेअर, म्हणजे चित्राचे थर, किती मिळतात बघा, पेनचा दाब ओळखतं का बघा, चित्र भिंतीएवढं केलं तरी रेघ फाटत नाही ना, ते बघा. समोरचा मान डोलवायचा. त्याला काही कळत नसे, आणि खरं सांगू? मला तेच हवं असे. खरं उत्तर एका ओळीचं आहे — ज्यात तुमचा हात चालतो ते घ्या. पण मग मला कोण विचारणार?

आता आईंकडे येते. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

आमच्या दारात त्यांची रोज रांगोळी असे. लग्न होऊन आल्यापासून एक दिवस चुकला नाही म्हणतात. मग दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून बजावलं. त्याच सुमारास आम्ही अंगणात पेव्हर ब्लॉक घातले. आई ओट्यावर खुर्ची टाकून त्या ब्लॉककडे बघत म्हणाल्या, “यांच्यावर रांगोळी बसत नाय, आनि मला खाली बसता येत नाय. बरं जमलं दोघांचं.” एवढंच. पुढे त्यावर एक शब्द नाही. पण सकाळी त्यांचा उजव्या हाताचा अंगठा आणि बोट नुसतेच एकमेकांवर घासत असायचे. मी ते बघितलं होतं — बघितलं, आणि आत जाऊन कामाला लागले.

नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आईच्या फोनवर चित्र काढायचं एक ॲप टाकून दिलं. मला विचारलंसुद्धा नाही! घरात मी बसलेली असताना! ॲप कसलं, पोरखेळ. चिन्ह म्हणून एक हसरा पाणघोडा. फुकटचं, त्यामुळे दर थोड्या वेळाने जाहिरात. सोनं गहाण ठेवा, रमी खेळा, गोरे व्हा. आई ती जाहिरात शेवटपर्यंत बघायच्या. बंद करायचं बटण मी दाखवलं, तर म्हणाल्या, “बोलतोय ना तो, मधेच कसा तोडायचा?” मैत्रिणींना फोनवर मी याची नक्कल करून दाखवायची. छान करते मी नक्कल.

बोटाने त्या काय काढायच्या? ठिपके. आधी स्क्रीनभर ठिपके, मग ते जोडायचे. चुकलं तर पुसायचं बटण न वापरता तळहात फिरवायच्या, आणि सगळं चित्र भलतीकडे सरकायचं. पण चित्र पुरं झालं की खाली कोपऱ्यात दोन ठिपके न चुकता — एक पिवळा, एक लाल. हळदीकुंकू. ते वाहिल्याशिवाय रांगोळी पुरी होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण फोनच्या काचेवर? पाणघोड्याच्या ॲपात? मला हसू आवरेना.

हे हसू किती दिवस टिकलं असेल? एकदा त्या डोळ्यांत थेंब घालून पडल्या होत्या आणि त्यांचा फोन चार्जिंगला लावताना चित्र उघडंच होतं. विहीर होती. विहिरीवर रहाट, रहाटाला जुंपलेला बैल, मागे केळी. आणि बैलाच्या मागे त्या फिरणाऱ्या लाकडावर बसलेली एक पोर, पाय लोंबकळत सोडलेले. सगळं ठिपक्यांतून. बैलाचं वशिंड म्हणजे ठिपके सोडून वळलेली एकच रेघ. मी बघत उभी राहिले. पाच वर्षं कॉलेजात मास्तरांनी जी रेघ माझ्या हातून काढून घ्यायचा प्रयत्न केला आणि जी शेवटपर्यंत आली नाही, ती ही.

नंतर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ती मुलगी कोण? म्हणाल्या, “मीच ती. बा पानी लावायचा, मी बैल हाकायला बसायची. शाळेत घातली नि रहाट सुटला. तिथनं उतरायला मी लई रडलेली.”

मला हेवा वाटला. दुसरा शब्द नाही. सत्तरीच्या बाईचा, जिला लेअर म्हणजे काय हे मरेपर्यंत कळणार नव्हतं, तिचा हेवा.

त्याच दिवसांत राजोडीच्या एका होमस्टेचं काम माझ्याकडे होतं. समुद्राजवळचं, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचं. मालक रॉनी. केस मागे बांधलेले, बोलणं असं, “मॅडम, एकदम रूटेड पाहिजे. गावचा फील. लेकिन प्रीमियम.” जेवणघराची आख्खी भिंत त्याला रंगवून हवी होती. माझी चार डिझाइनं त्याने अंगठ्याने सरकवून परत पाठवली. बैलगाडी नको, तुळस नको, होडी तर सगळ्यांकडेच आहे. असल्या माणसाने मला नाकारावं? ज्याला गाव म्हणजे काय ते सजावटीच्या दुकानात कळलं?

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आईंच्या फोनवरून ते चित्र मी स्वतःला पाठवलं आणि त्यांच्या फोनवरून पाठवल्याची खूण पुसली. माझ्या त्या भारी सॉफ्टवेअरमध्ये ते खाली ठेवून वरून रेघ न् रेघ गिरवली. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्या. भिंतीएवढं केलं तरी रेघ फाटत नव्हती — व्याख्यानात सांगते तसं. रॉनी वेडा झाला. म्हणाला, मॅडम, ये तो आप दिल से बनाए हो. मी हो म्हटलं.

फक्त ती पोर त्याला नको होती. चाइल्ड लेबर दिसेल म्हणाला. मी लगेच पोर पुसली आणि तिथे नाकात नथ घातलेली एक नऊवारीतली बाई बसवली. रहाटावर नथ घालून कोण बसतं? पण त्याला आवडली. हळदीकुंकवाचे दोन ठिपकेही मी आधी पुसले होते. ते पुसले की चित्र त्या कोपऱ्यात रिकामं पडे. परत ठेवले. हे काय म्हणून त्याने विचारलं, तर मी सांगितलं की माझ्या शैलीची खूण आहे.

इथवर चोरी. चोरीचं मला फारसं काही वाटत नाही, या धंद्यात ती रोज होते. मी सांगायला बसले आहे ते यापुढचं.

भिंत रंगायला लागली तशी मला धास्ती वाटू लागली. आई फोन कुणालाही दाखवायच्या. फुलपुडीवालीला, भुईगावहून येणाऱ्या त्यांच्या नणंदेला, गॅस आणणाऱ्याला. राजोडी इथून किती लांब? उद्या कुणी म्हणालं, अगं हे तर तिथल्या भिंतीवर आहे, तर? असली ॲपं चित्रं स्वतःच्याच पोटात ठेवतात. ॲप काढलं की आतलं सगळं जातं. हे नवशिक्यांना माहीत नसतं. मला होतं — मीच तर लोकांना बजावत असे.

आई दुपारच्या झोपल्या होत्या. मी पाणघोड्यावर बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, नक्की काढायचं? मी हो दाबलं. विहीर, बगळे, त्यांच्या आईची लुगड्यातली पाठमोरी आकृती, वाडीतली तगर, दिवाळीची दारातली रांगोळी जी आता दारात येणार नव्हती — सगळं एका बोटाने. मी नंतर कुकर लावला.

उठल्यावर त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. मी चार बटणं दाबून बघितल्याचं नाटक केलं आणि म्हटलं, “आई, फुकटची ॲपं अशीच. बिघडतात आणि सगळं खातात.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांना वाटलं मलाच वाईट वाटतंय. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “असू दे बाय. रांगोळी कुठं टिकते? सकाळी झाडायचीच असते.”

तेव्हा तरी बोलावं ना? नाही. उलट म्हटलं, मी तुम्हाला चांगलं, खरंखुरं सॉफ्टवेअर देते. आणि आख्ख्या वटारला सल्ले देणाऱ्या मी त्यांच्यासाठी निवडून निवडून सगळ्यांत अवघड ते निवडलं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं. मेनू इंग्रजी, बटणांचं जंगल, आणि हातात काळ्या पाटीवर चालवायचं पेन. पेन इथे पाटीवर, रेघ तिथे पडद्यावर. जिच्या बोटाखाली जन्मभर रेघ पडली, तिला हे जमणार नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. नवशिक्याला काय जड जातं, हे ओळखणं माझा धंदाच आहे.

दोन-तीनदा त्या बसल्या. “हात हिकडं नि रेघ तिकडं. आंधळ्यावानी वाटतं,” म्हणाल्या. मग पेन नीट पुसून डबीत ठेवून मला परत दिलं. भारी वस्तू आहे, माझ्याकडून पडेल म्हणाल्या. फोनवर पुन्हा तेच ॲप टाकायचं त्यांना सुचलं नाही, कारण ते सगळं खातं, हे सुनेने सांगितलं होतं. आणि सून त्यातली.

वर आजूबाजूच्या बायकांना त्या सांगतात, “फुकटचं घेऊ नका गं, आमच्या सुनेला विचारा.” त्या बायका येतात. मी व्याख्यान देते.

गेल्या हिवाळ्यात नितीनच्या आतेबहिणीच्या मुलीची हळद त्याच राजोडीच्या होमस्टेमध्ये होती. आईंना घरी ठेवायला मी काय काय कारणं काढली! गुडघे, वारा, जिने. त्या तयार होऊन रिक्षात बसलेल्या. जेवणघरात कुणीतरी त्यांना खुर्ची दिली ती नेमकी भिंतीसमोर. ते दोन ठिपके तर आता रॉनीच्या टॉवेलांवर, मेनूवर, चावीच्या बिल्ल्यावर सगळीकडे आहेत.

आई बघत राहिल्या. बाहेर हळदीची गाणी चालू होती. मी त्यांच्यामागे ताट धरून उभी होते. बऱ्याच वेळाने त्या माझ्याकडे न वळता म्हणाल्या, “पोरीला उतरवलीस काय गं?”

मी ताट दुसऱ्या हातात घेतलं.

“हळदीकुंकू तेवढं ठेवलंस,” त्या म्हणाल्या. “बरं केलंस, बाय.”

मग त्यांनी शेजारच्या बाईला मोठ्या आवाजात सांगितलं की हे माझ्या सुनेने काढलंय.

त्यानंतर घरात यावर कधी शब्द निघालेला नाही. त्या माझ्या हातचं जेवतात, मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. नितीनला माझ्या भिंतीचा फोटो दाखवताना अभिमान वाटतो.

मी स्वतःला पाठवलेली ती एक फाइल मात्र माझ्याकडे अजून आहे. गिरवण्याआधीची, आईंच्या बोटाची. त्यांच्या सगळ्या चित्रांतलं तेवढं एकच उरलंय. त्यांच्या फोनवर परत पाठवायला मला एका बोटाचं काम आहे. आज सकाळीही मी ती उघडली. विहीर, बैल, कोपऱ्यात पिवळा आणि लाल ठिपका, आणि रहाटावर पाय सोडून बसलेली ती पोर. बाहेर ओट्यावर आई खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. मी फाइल बंद केली आणि त्यांना विचारलं, चहा ठेवू का.