गुंडप्पा फिटर आणि एकतिसावा मजला

पहिल्याच भेटीत गुंडप्पांनी माझं बोट ओढलं होतं. मी नांदेडहून इंजिनिअरिंग करून मुंबईच्या त्या साइटवर नुकताच रुजू झालो होतो. समुद्राला लागून साठ मजली राहती इमारत उभी राहत होती. हातात वही घेऊन मी कॉलमच्या सळया तपासत होतो, म्हणजे तपासल्यासारखं करत होतो. पन्नाशीकडे झुकलेला एक काळा, काटक माणूस शेजारी येऊन म्हणाला, "सायेब, बोट द्या." मी दिलं. त्यांनी आपलं बोट काटकोनात वाकवून माझ्या बोटात अडकवलं आणि म्हणाले, "ओढा." मी ओढलं, त्यांचं बोट सहज उघडलं. मग त्यांनी बोट पार तळव्याकडे वळवलं. "आता ओढा." कितीही ओढलं तरी सुटेना.

"कॉलमच्या उभ्या सळयांना जी रिंग बांधतेत, तिचं टोक असं पायजे," ते म्हणाले. "आत वळलेलं. जमीन हालली की काटकोनातलं टोक उघडतंय, अन् रिंग सुटली की कॉलम फुटतंय. कालिजात शिकिवलं आसंल तुमाला."

शिकवलं होतं. माझ्या डोक्यात मात्र ते त्या दिवशी बसलं.

बोलण्यावरून मी ओळखलं आणि विचारलं, लातूरकडचे का? ते औसा तालुक्यातले निघाले आणि मी लोह्याचा. त्यानंतर साइटवर मी 'आमच्याकडचा इंजिनेर' झालो. गुंडप्पांना सगळे आप्पा म्हणत, ते सळई बांधणाऱ्या फिटरांचे मुकादम होते. हाताखाली साठ-सत्तर माणसं होती, पण आवाज चढवलेला कधी ऐकला नाही. बांधलेल्या सांगाड्याभोवती एक फेरी मारायचे, हात आत घालून प्रत्येक टोक चाचपायचे, आणि एखादं चुकलेलं सापडलं की पक्कड पुढं करायचे. समोरच्यानं मुकाट्यानं तार सोडायची.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "वरचं ऱ्हाऊ द्या, आत काय घातलंय?" गाड्यावरच्या समोशाबद्दल ते हेच विचारत आणि पुतणीला सांगून आलेल्या स्थळाबद्दलही. गेटबाहेर इमारतीची मोठी जाहिरात लावली होती. तिच्यात एक बाई कपातून काहीतरी पीत समुद्राकडे बघत उभी होती. जाता-येता आप्पा त्या बाईकडे बघून म्हणायचे, "हिला कुठं ठावं, आत काय हाय ते. तिचा भरवसा आपल्यावर हाय."

समुद्राचं त्यांना काही कौतुक नव्हतं. दुपारी वरच्या मजल्यावर डबा उघडून बसले की ते समुद्राकडे पाठ करून बसत. मी एकदा म्हणालो, आप्पा, लोक हे बघायला कोटी कोटी रुपये मोजणार आहेत. ते म्हणाले, "एवढं पानी, अन् एक घागर कामाची न्हाई. काय बघायचं?" लातूरकडच्या माणसाला हे बरोबरच वाटणार. मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत.

अशाच एका दुपारी त्यांनी भूकंपाचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. भूकंप झाला तेव्हा ते हैदराबादला कामावर होते. बातमी कळून गावी पोचायला दुसरा दिवस उजाडला. बायको, दोन पोरं आणि आई घरात होती. दगडामातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जड थर दिलेलं छत. पाऊस पडत होता आणि लष्कराचे जवान ढिगारे उपसत होते. आप्पांनी हे सगळं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सपाट आवाजात सांगितलं. शेवटी मात्र डब्याचं झाकण बोटानं घासत म्हणाले, "त्या उन्हाळ्यात गावाकडं गेलो व्हतो. घरची गळायलंय म्हनली म्हनून माळवदावर आनखी माती टाकली. चांगली ईतभर. मीच टाकली."



एकतिसाव्या मजल्याची गोष्ट त्यानंतर चारेक महिन्यांनी घडली. खाली रिंगा वाकवण्याचं काम नव्या ठेकेदाराला दिलं होतं. त्याच्या माणसांनी मशीनवर टोकं काटकोनात वाकवून पाठवली. तशी रिंग सळयांत पटकन बसते, काम भराभर होतं. आप्पा तीन दिवस तापानं आजारी होते. ते कामावर आले तेव्हा समुद्राच्या बाजूच्या चार कॉलमचे सांगाडे बांधून तयार होते, काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या लावायला घेतल्या होत्या, आणि काँक्रीटच्या गाड्या निघाल्याचा निरोप आला होता. आप्पांनी नेहमीप्रमाणे हात आत घातला. मग मला बोलावलं आणि माझाही हात धरून आत घातला.

"सगळं सोडावं लागंल," ते म्हणाले. "दोन दिवस लागतील."

मी साइटच्या मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी मला बसवलं आणि चहा मागवला. धमकी वगैरे काही दिली नाही, आवाजही चढवला नाही. रिंगा डिझाइनपेक्षा जवळ जवळ बांधल्या आहेत, साठातल्या एका मजल्याचे चार कॉलम आहेत, एवढ्यानं काही होत नसतं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. बोलता बोलता माझ्या नोकरीच्या कायमपणाचं पत्र टाइप होऊन पडलंय, हेही सांगितलं. समोर काँक्रीटच्या परवानगीचा कागद होता. तपासणाऱ्याची सही माझी लागणार होती. मी केली. लोह्याला वडिलांना फोन करून नोकरी पक्की झाल्याचं सांगायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

वर आलो तेव्हा आप्पा तिथंच उभे होते. सही झाली का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पक्कड पिशवीत टाकली आणि काँक्रीट वरपर्यंत येईतो कॉलमपाशी उभे राहिले. सगळं भरून झाल्यावर म्हणाले, "आता कुनालाच दिसनार न्हाई." दुसऱ्या दिवशी हिशेब घेऊन ते गावी निघून गेले. माझा निरोप घेतला नाही.

इमारत पूर्ण झाली. आज ती त्या शहराची खूण आहे. चौपाटीवर आलेले लोक तिच्याकडे पाठ करून आपले फोटो काढतात, वर्तमानपत्रांत तिथल्या घरांच्या किमती छापून येतात. मी आणखी काही वर्षं मुंबईत काढली, मग नांदेडला परतून स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. लग्न झालं, मुलगी झाली. लोकांच्या दोन मजली, तीन मजली घरांचे नकाशे करायला लागलो. कॉलमच्या तपशिलात रिंगेचं टोक काढताना हात दरवेळी क्षणभर थांबायचा. बायकोला वाटायचं, मी फार काटेकोर आहे.

लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या खोल्यांचं काम मिळालं तेव्हा आप्पांचं गाव तिथून आठ-दहा किलोमीटरवर होतं. दोन वेळा मी तसाच परत आलो आणि तिसऱ्या वेळी गेलो. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं ते गाव, सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारखी घरं. आप्पांच्या वाट्याला आलेल्या घरात पुतणी महादेवी आणि तिचा नवरा राहत होते. आप्पा स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत. फार खंगले होते, बोलताना धाप लागत होती. मला बघून म्हणाले, "या सायेब," आणि महादेवीला चहा टाकायला सांगितला, जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेलो होतो.

महादेवीकडून कळलं, की आसपासच्या गावांत कुणाच्या घराचं काम निघालं की आप्पा न बोलावता जाऊन बसतात. सुरुवातीला लोक वैतागायचे, एकदोघांनी हाकलूनही दिलं. आता लोक स्वतःच सांगावा धाडतात, की आप्पा, स्लॅबच्या आधी एकदा हात लावून जावा. ते पैसे घेत नाहीत. भाकरी खातात आणि येतात.

महादेवी आत गेल्यावर मी बोललो. इतकी वर्षं कुणाशीच बोललो नव्हतो, त्यामुळे शब्द नीट जुळत नव्हते. पत्र, चहा, सही, सगळं सांगितलं. आप्पांनी मधे अडवलं नाही.

"तू सही केलीस," ते म्हणाले, "अन् मी निघून आलो. कुनाला बोललो का मी? कुनालाच न्हाई. गावाकडं येऊन दुसऱ्याच्या रिंगा बघत बसलो. दोगांचं बी हाय ते."

ते मला पहिल्यांदाच तू म्हणाले होते.

आपण लिहून कळवू, असं त्यांनीच सुचवलं. तिथं राहणाऱ्यांची सोसायटी असेल, तिच्या नावानं. तिथंच बसून मी पत्र लिहिलं. कोणता मजला, कोणते चार कॉलम, रिंगेत काय चूक आहे, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत झाली. आप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग माझ्या सहीखाली आपली सही केली, एकेक अक्षर सुटं, काना-मात्रा जपून. वर म्हणाले, "बोलवलं तर गवाही द्यायला मी येतो. तसं लिव." मी तेही लिहिलं.

ते पत्र मी टाकलं नाही.

कारणं पुष्कळ होती. माझा परवाना, मिळू घातलेलं एक सरकारी काम, मुलीची शाळा. उद्या टाकू म्हणून ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि त्यावर नकाशे साचत गेले. आप्पांचा दर पंधरा दिवसांनी फोन यायचा. काही खबर आली का, असं विचारायचे. मी म्हणायचो, नाही आली अजून. शब्दाला शब्द धरला तर हे खोटं नव्हतं. ते मलाच धीर द्यायचे, "येईल की. मोठी मानसं हायत, वखत लागतोय." असे सात महिने गेले.

आठव्या महिन्यात महादेवीचा फोन आला. सकाळी उन्हात बाजेवर बसल्या बसल्या आप्पा गेले होते.

मी पोचलो तेव्हा शेताच्या कडेला खड्डा तयार होता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे आप्पांना बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. अंगात कोरा पांढरा सदरा आणि कोरं धोतर होतं, कापडाच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. मला वाटलं, आजच आणलं असेल. महादेवी माझ्याजवळ आली. हे कपडे आप्पांनी सहा महिन्यांपूर्वी लातूरला जाऊन स्वतः घेतले होते, असं तिनं सांगितलं. मुंबईला गवाहीला जायचंय, नांदेडच्या सायबानं पत्र टाकलंय, तिथं मळक्या कपड्यानं कसं जायचं, असं म्हणायचे. कपडे पेटीत जपून ठेवले होते, सणालाही घातले नाहीत.

"बोलावनं आलंच न्हाई म्हना," ती म्हणाली. "तसंच घातलं मग."

मी माती टाकली. तिथून नांदेडला आलो, खणातून पत्र काढलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो.

दीड महिन्यानं बोलावणं आलं, सही करणाऱ्या दोघांच्या नावानं. मी एकटाच गेलो. सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि त्यांनी नेमलेले एक वयस्कर इंजिनिअर. दुसरे गृहस्थ कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. एकतिसाव्या मजल्यावर चार कॉलमपैकी दोन एकाच घरात येतात. त्या घरच्या बाईंनी दार उघडलं. माझ्याच वयाच्या असतील. कॉलमवर लाकडी आवरण बसवलं होतं, त्यामुळे मला जागा ओळखायला वेळ लागला. पहिला दिवाणखान्यात होता, दुसरा आतल्या खोलीत. त्या खोलीत कॉलमला उशाची बाजू टेकवून एक पलंग होता आणि त्यावर एक म्हातारी बाई झोपली होती.

इंजिनिअर म्हणाले की लाकूड काढून, कोपऱ्यातलं काँक्रीट थोडं फोडून बघावं लागेल. तसंच निघालं तर बाहेरून पोलादाचं वेष्टण घालून कॉलम मजबूत करता येईल, खर्च आणि त्रास आहे, पण होण्यासारखं आहे. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "त्या वेळी दोन दिवसांचं काम होतं हो हे."

बाई इतका वेळ दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो.

बाईंनी स्वयंपाकघरातल्या कामवालीला हाक मारली, आणि दोघी मिळून म्हातारीला न उठवता पलंग कॉलमपासून हळूहळू ओढायला लागल्या. पलंग जड होता. मी हात लावायला पुढं झालो, तर बाईंनी वर न बघताच मान हलवून नको म्हटलं.