सगळ्यांना बेड

माझ्या मुलीचं लग्न माझ्या कानडीमुळं मोडता मोडता राहिलं. (कानडी येत नाही म्हणून नव्हे. येते म्हणून.)

पल्लवी आणि तिचा तो, दोघं हैदराबादेत एकाच ऑफिसात. त्यांचं ठरलेलंच होतं. दोन्हीकडच्या थोरांनी फक्त मान हलवायची होती. त्यातली खरी मान एकच, मुलाच्या आजीची. त्या घरात आजींनी हो म्हटल्याशिवाय पडदेसुद्धा बदलत नाहीत म्हणे. त्या आणि मुलाचे आईवडील असे तिघं नाशिकहून बेळगावला मुक्कामाला येणार होते. व्याह्यांनी फोनवर एकच गोष्ट मागितली.

"आईचे गुडघे गेलेत. तिला खाली बसता येत नाही. उंच पलंगाची खोली तेवढी बघा."

"अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी उच्चारलं की आमच्या घरात सगळे काळजी करायला लागतात.

आता प्रश्न असा, की पाहुण्यांना उतरवायचं कुठं? बायकोचं मत तयार होतं. हायवेला मोठ्या कंपनीचं काचेचं हॉटेल झालंय, तिथं.

"लिफ्ट हाय, गरम पाणी हाय. पलंग तर एवढा उंच, की चढायला शिडी लागंल."

"अगं, तसलं हॉटेल नाशकातबी असतंय. तीच खोली, तीच उशी. व्याही आर्किटेक्ट हाईत. त्यांना कायतरी आपल्या मातीतलं दाखवाय पाहिजे."

आपल्या मातीतलं म्हणजे बेळगावच्याच वडगावातलं एक गेस्टहाऊस. विणकराचं जुनं घर घेऊन एका बाईंनी ते कलात्मक केलं होतं. म्हणजे गिलावा निम्मा काढला होता, निम्मा ठेवला होता, आणि खोलीतला जुना खड्डामाग तसाच राखला होता. (जमिनीत खड्डा असतो; विणणारा काठावर बसून पाय आत सोडतो.) मी जवळच्याच मच्छे गावच्या शेतकऱ्याचा पोरगा. आमच्या घराचा गिलावा आपोआप पडला तेव्हा आप्पा त्याला कला म्हणाले नव्हते, पण व्याही आर्किटेक्ट निघाल्यापासून मी फार रसिक झालो होतो.

"आजींच्या गुडघ्याचं बघा आधी," ही म्हणाली.

"बघतो की. मी सोता कानडीत बोलतो."

इथंच तिनं माझ्या हातातला फोन काढून घ्यायला हवा होता.

मालकीणबाई म्हैसूरकडच्या. त्या बिचाऱ्या मोडक्यातोडक्या मराठीत सुरू झाल्या, तर मीच अडवलं. "कन्नडदाग माताड्री," मी ऐटीत म्हणालो. कानडीतच बोला! मग त्या बोलल्या, भडाभडा. त्यातलं 'हासिगे', म्हणजे अंथरूण, मला कळलं. 'कॉट' कळलं. आणि शेवटी ऐकू आलं, "बेडवा?"

"बेड, बेड," मी ठासून सांगितलं. "एल्लारिगू बेड." सगळ्यांना बेड.

त्यांनी इंग्रजीत खात्री केली. "श्योर, सर?"

"हंड्रेड परसेंट."

शनिवारी दुपारी पाहुणे आले. पल्लवीही हैदराबादेहून आली होती. मालकीणबाईंनी खोलीचं दार उघडलं. आत पॉलिश केलेली सुंदर फरशी, तिच्यावर चार बोटं जाडीच्या गाद्या, एका बाजूला तो खड्डामाग, आणि बाकी काही नाही. खुर्चीसुद्धा नाही. आजी काठी टेकून मधोमध उभ्या राहिल्या.

"पलंग कुठाय?"

आम्ही सगळ्यांनी खोलीभर नजर फिरवली. शेवटी आजींनीच मागाकडं बोट केलं. "इथं पाय सोडता येतील. मला यात बसवा."

व्याही एकीकडून, मी दुसरीकडून, असं आम्ही त्यांना अलगद काठावर टेकवलं. पाय खड्ड्यात, पाठीला उशी. "बरं वाटलं हो," त्या म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. तो पाच मिनिटं राहिला, कारण मग त्यांना बाथरूमला जायचं होतं.

वरून ओढून त्या हलेनात. म्हणून मी खालून आधार द्यायला खड्ड्यात उतरलो. आता खड्ड्यात दोघं अडकलो.

"तुम्ही कशाला आलात?" आजींनी विचारलं.

पल्लवी पळत जाऊन शेजारच्या घरात माग चालवणाऱ्या आक्कांना घेऊन आली, येताना एक स्टूलही. आक्कांनी आधी मला बाहेर यायला सांगितलं. मग आजींना म्हणाल्या, "असं न्हाय उठायचं. आधी कुशीला वळा, मग पाय काढा." दोन मिनिटांत आजी स्टुलावर.

"मी फोनवर सांगितलं होतं," व्याही हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि मग मी ते केलं, ज्याची आजही लाज वाटते. मालकीणबाईंकडं बोट दाखवून म्हणालो, "मी बेडच सांगितलेले. ह्यांना कानडी नीट कळत नाही."

म्हैसूरच्या बाईंना.

त्या रागावल्या नाहीत. "आमचे कॉल रेकॉर्ड असतात, सर," म्हणून त्यांनी फोन समोर धरला. सगळ्या खोलीत माझा ठसकेबाज आवाज घुमला: "बेड, बेड. एल्लारिगू बेड." मग त्यांनी पाहुण्यांना समजावलं, "मी विचारलं, खाली अंथरूण आहे, कॉट हवी की नको? सर म्हणाले, नको, नको. कुणालाच नको."

कानडीत 'बेड' म्हणजे नको. मला माहीत नव्हतं असं नाही! पण आमच्या खडेबाजारातली भाजीवाली 'ब्याड' म्हणते हो. तो शुद्ध म्हैसुरी उच्चार मला थेट पलंगावर घेऊन गेला.

पल्लवी माझ्याकडं बघेना. खाली बघत राहिली. बघायला फरशी भरपूर होती. "चुकलं माझं," मी मालकीणबाईंना म्हणालो. मराठीत.

तासाभरात मंडळी काचेच्या हॉटेलात. संध्याकाळी तिथल्या उंच पलंगावर बसून आजींनी यादी लिहायला सांगितली. ही पेन घेऊन बसली.

"पोरगी कामाची आहे. लग्न करायचं," आजी म्हणाल्या. "देणंघेणं काही नको. लिहिलं? आता एकच अट. लग्नाचा हॉल, जेवण, राहणं, काहीही ठरवायचं असेल, तर मुलीच्या वडिलांनी कुणालाही फोन करायचा नाही. कुठल्याच भाषेत."

अट मुलाकडच्यांनी घातली. टाळ्या मात्र मुलीकडच्यांनी वाजवल्या.