जाड तारेवरची जागा

आज गिटारच्या तारा बदलताना बोटांना गंजाचा वास लागला आणि कोपरच्या जुन्या घरातली एक दुपार आठवली.

माझा मोठा भाऊ नितीन शीळफाट्याजवळच्या अपघातात गेला, त्याला महिना झाला होता. त्याच्या गिटारवर मी त्याची आवडती रिफ, एक छोटीशी धून, वाजवत बसलेलो. सूर बरोबर होते, पण आवाज पातळ येत होता. नितीनचा तो जाड, घुमणारा आवाज काही केल्या निघेना. बोटं कुठे ठेवायची ते त्याने कधी सांगितलंच नव्हतं. "तू शोध रे," म्हणायचा.

मग माझा हात आपसूक वर सरकला, सातव्या फ्रेटच्या पट्टीवर, सगळ्यात जाड तारेवर. सूर तेच, पण खोलीत हुबेहूब त्याचा आवाज घुमला. हात माझा नाहीच, असं वाटलं. आता वाटतं, त्याला बघून बघून बोटांनाच ती जागा ठाऊक झाली असेल.

पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई वैतागून म्हणाली, "नितीन, हळू रे! बाबा झोपलेत."

भांडी घासण्याचा आवाज चालूच राहिला. आपण काय बोललो ते तिला कळलंच नव्हतं. मी थांबलो तर कळेल, या भीतीने मी हळू आवाजात वाजवत राहिलो.