जाळरेषेवरचा कडुलिंब

टेकडीवर वनरक्षक म्हणून मी बारा वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी पुणेकरांना 'गवत का जाळता' याचं उत्तर देण्यात गेली असतील. फेब्रुवारीत, सकाळी वारा पडलेला असताना, आम्ही माथ्यावरचा गवताचा एक रुंद पट्टा मुद्दाम जाळून काळा करतो. ही जाळरेषा. उन्हाळ्यात खालून वणवा आला की त्याला तिथे खायला काही मिळत नाही, आणि पलीकडची हिवर-बाभळी वाचतात.

कोथरूडहून रोज फिरायला येणारे एक निवृत्त मास्तर नेमके तिथे थांबून विचारायचे, "अहो मॅडम, आपलं खातं जंगल राखायला आहे की भाजायला?" बरोबरचे हसायचे. मीही हसायचे. नोकरीत तेही धरलेलं असतं.

मग मास्तरांची बायको गेली. त्या पावसाळ्यात त्यांनी तिच्या आठवणीसाठी कडुलिंब लावला, तोही जाळरेषेवर. जागा मोकळी दिसली ना! त्यांचं बघून इतरांनी शेजारी आणखी सात-आठ रोपं लावली, पट्ट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. ओल टिकावी म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी वाळल्या गवताची जाड गादी घातली. मास्तर रोज दोन बाटल्या पाणी घालायचे आणि रोपाशी हळू आवाजात काहीबाही बोलायचे.

ती रोपं मी तेव्हाच दुसरीकडे हलवायला हवी होती. पण जवळ गेले की "काका, बरे आहात ना?" एवढंच तोंडातून निघायचं. दया आली हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं. फेब्रुवारीत मजुरांना सांगितलं, एवढी रोपं सोडून जाळा.

त्यांतले म्हातारबुवा म्हणाले, "बाई, इथनं आगीला वाट ऱ्हातीय."

"राहू दे," मी म्हटलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी वणवा आला. आम्ही ओल्या फांद्यांनी झोडपत होतो. आग रेषेपाशी थबकली, आणि मग एका गादीवरून दुसरीवर करत पलीकडे गेली. जुने हिवर होरपळले तरी उभे राहिले. त्यांच्याखाली आपसूक उगवलेली, पाच वर्षं मी शेळ्यांपासून राखलेली रोपं मात्र तासाभरात संपली. मजुरांसमोरच मी राखेत बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मास्तर पाणी घेऊन आले आणि कडुलिंबाच्या जळक्या काटकीपाशी उभे राहिले. आग कुठून पलीकडे गेली ते मी त्यांना दाखवलं.

त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या. "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?" माझा आवाज चढलाच.

त्यांनी खरंच विचार केला.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगायचं होतंत."