रोशनीनं स्पॅनिशमध्ये सांगितलेली भावाची गोष्ट

सिकलसेल या रक्ताच्या आजारानं बावीस वर्षांची पोरगी नेली, आणि तिच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्या क्रियापदांच्या चुका काढत होतो.

आज वर्ष झालं.

रोशनी धानोऱ्याकडची. गडचिरोलीत मावशीकडे राहायची आणि माझ्या स्पॅनिशच्या क्लासला यायची. आठ पोरं, एक खोली. स्पॅनिश आली तर हैदराबादला बरा जॉब लागतो, म्हणून सगळे शिकत होते.

भूतकाळावर सगळेच अडकले. स्पॅनिशमध्ये घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ वेगळा, तेव्हा चालू असलेल्या गोष्टीचा वेगळा.

मी पुस्तकी मराठीत फळा भरला. कोणाच्या डोक्यात काही शिरेना.

रोशनी म्हणाली, "सर, म्हणजे 'मी गेली' आन् 'मी जाऊन राह्यली होती', असंच ना?"

'जाऊन राह्यली होती' म्हणजे जात होती. पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. मी तीन दिवस घसा कोरडा केला होता.

मग प्रत्येकानं लहानपणची एक घटना सांगायची होती. इंटरव्ह्यूत हे विचारतात.

तिनं भावाची सांगितली. त्याला सिकलसेल होता. चौदाव्या वर्षी गेला.

ती म्हणाली, "मोरिया." म्हणजे मरत होता.

मी म्हटलं, "मुरिओ म्हण. मेला. एकदाच झालं ना ते?"

"नाई सर. दोन वर्स तो मरूनच राह्यला होता. आमी पाहून राह्यलो होतो."

मी तरी म्हटलं, "इंटरव्ह्यूत मार्क कापतील."

तिलाही तोच आजार आहे, हे तिनं कधी सांगितलं नाही. पाय दुखतात म्हणायची. थंडीत दांड्या मारायची. मला वाटायचं, पोरगी सिरियस नाही.

इंटरव्ह्यू जवळ आला तेव्हा तिनं ती गोष्ट व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून पाठवली. मागं गलका होता.

मी लिहिलं, "दोन चुका. मध्ये मध्ये थांबू नको. पुन्हा कर."

तासाभरानं पुन्हा आली. यावेळी थांबली नव्हती. मुरिओ म्हणाली होती.

मी थम्ब्स-अप टाकला.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "सर, रोशनी गेली जी. चार दिवसांपासून दवाखान्यात होती. नागपूरले नेऊन राह्यलो होतो. रस्त्यात आरमोरीलेच संपलं सारं."

मी विचारलं, "काल ती दवाखान्यातून बोलली?"

"हो जी. मी म्हनलं, झोप ना माय. तं म्हने, सरनं पुन्हा कर म्हनलं. दोन वाक्यं बोले, पानी मागे."

ती दुखण्यानं थांबत होती. मी ते चूक म्हणून धरलं.

वर्षभर भूतकाळाचा धडा आला की पोरांना पुस्तकातून वाचायला सांगितलं. मला फळ्यापुढं उभं राहवत नाही. या महिन्यात क्लास बंद केला.

मित्र म्हणतात, तुला काय माहीत होतं?

माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

"बरी आहेस का?" एवढंच विचारायचं होतं, रोशनी.

तुमच्याकडं नमस्काराला म्हणतात तसं, सेवा जोहार, बाई. तुझ्या सरांचा शेवटचा.